विस्तवाचा नियम

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनातून तीन दिशांना रूळ फुटतात. एक परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दौलताबादच्या किल्ल्याजवळून मनमाडला जातो. दुसरा नांदेडवरून हैदराबादकडे उतरतो. तिसरा हिंगोली, वाशीम करत अकोल्याला पोचतो, आणि मीटरगेजच्या काळात हीच वाट पुढे अकोट, धूळघाट ओलांडून मेळघाटाच्या जंगलातून खंडव्यापर्यंत जात असे. या तिन्ही वाटांवर माणसाच्या अंगाला विस्तव लावून रोग घालवण्याची तीन वेगवेगळी रूपे भेटतात. दौलताबाद म्हणजे यादवांचे देवगिरी. तिथे तेराव्या शतकात हेमाद्रीने ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, आणि त्या मूळ ग्रंथात अग्निकर्माचा स्वतंत्र विधी सांगितलेला आहे. हैदराबादेत युनानी हकिमांची परंपरा नांदली. तिच्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत डागण्याला मानाचे स्थान होते. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या फुगलेल्या पोटाला तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा आहे, तिला ‘डंबा’ म्हणतात. आणि या तिन्हींच्या मधल्या मुलखात, गोदा-पूर्णेच्या काठच्या गावांत, कावीळ, कंबर, गुडघा, पोटफुगी अशा दुखण्यांसाठी माणसांना आणि बैलांनाही डाग देणारे हात पिढ्यान्‌पिढ्या होते. हाच विस्तव चीनमध्ये मॉक्सा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचाराच्या रूपाने दवाखान्यात पोचला, आजही टिकला आहे आणि विज्ञानाच्या कसोटीला उभा राहिला आहे. आपल्याकडे तो बहुतांशी बाळाच्या पोटावरचा व्रण होऊन उरला. असे का झाले? चिनी माणूस अधिक हुशार किंवा अधिक दयाळू होता, हे त्याचे उत्तर नाही. तिथे आगीबरोबर तिचा नियमही गावोगाव चालत गेला, आणि आपल्याकडे नियम पोथीत राहून एकटी आग गावात पोचली, हे माझे म्हणणे आहे.

आधी चीनकडे पाहू. १९७३ साली हूनान प्रांतातल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे एक थडगे उकरले गेले. ते इ.स.पू. १६८ मध्ये बंद झाले होते, आणि त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. त्यातल्या दोन ग्रंथांत शरीरातल्या अकरा वाहिन्यांचे मार्ग दिले आहेत आणि कोणत्या वाहिनीच्या दुखण्याला कुठे विस्तव लावायचा ते सांगितले आहे. या दोन ग्रंथांत सुईचा उल्लेखही नाही. ॲक्युपंक्चर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुया येतात, पण लिखित पुराव्यात वाहिन्यांच्या कल्पनेशी आधी जोडलेली दिसते ती आग. पुढे सुई आणि मॉक्सा यांची जोडी जमली, तरी आगीचा मान कमी झाला नाही. आठव्या शतकात, इ.स. ७५२ मध्ये, वांग ताओ याने संकलित केलेल्या मोठ्या वैद्यकग्रंथात सुईचे उपचार त्याने जाणूनबुजून वगळले आणि मॉक्सा तेवढा ठेवला. सुई जिवंत माणसाला मारू शकते, मेलेल्याला उठवू शकत नाही, अशी त्याची धारणा होती. म्हणजे त्या काळच्या एका जाणत्या संकलकाच्या नजरेत दोहोंपैकी कमी धोक्याचा उपचार आगीचा होता. आपल्या कानाला हे विचित्र वाटते, कारण आपण आग म्हणताना तापलेले लोखंड डोळ्यांपुढे आणतो.

मॉक्सामध्ये लोखंड नसतेच. तिथे जळते ती एक वनस्पती, दवण्याच्या कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतात तो आपला दवणा आणि चीनमधली ही ‘आय’ एकाच आर्टेमिसिया वंशातल्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाने खुडतात, वाळवतात, कुटतात, चाळतात; देठ, शिरा आणि माती गळून जाते आणि पानांच्या पाठीवरची बारीक लव तेवढी हाताशी राहते. मराठवाड्यात सरकी काढून पिंजलेल्या कापसाचा पेळू वळत, तसा तिचा मऊ पुंजका होतो. तो जितका जुना तितका चांगला. तीन वर्षांच्या जुन्या ‘आय’चा उल्लेख इ.स.पू. चौथ्या शतकातल्या मेन्सियस या चिनी तत्त्वज्ञाच्या वचनांतही येतो. हा पुंजका पेटवला की ज्वाला उठत नाही, तो धुमसत जातो. चिमटीत धरून त्याचा शंकू वळता येतो, हवा तर तांदळाच्या दाण्याएवढा, हवा तर सुपारीएवढा. तो थेट कातडीवर ठेवता येतो, आल्याच्या चकतीवर, लसणाच्या कापावर किंवा बेंबीत भरलेल्या मिठावरही ठेवता येतो, आणि चटका बसायच्या आत चिमट्याने उचलताही येतो. पुढे कागदात गुंडाळलेली कांडी आली. ती कातडीपासून दोन बोटांवर धरायची आणि जागा लाल होईपर्यंत शेकायची. किती शंकू, केवढे, कोणत्या बिंदूवर, कोणत्या अंतराने, हे सगळे मोजता येते आणि दुसऱ्याला सांगता येते. माझ्या मते सारा इतिहास या एका गुणावर फिरला आहे. जे मोजता येते त्याला नियम लावता येतो, आणि ज्याला नियम लागतो ते कमी-जास्तही करता येते.

नियम म्हणजे निषेधही. इ.स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग याने तापाच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात आगीच्या चुकीच्या वापराने बिघडलेल्या रोग्यांची वर्णने आहेत, आणि बारीक व जलद नाडी असलेल्याला मॉक्सा देऊ नये असा स्पष्ट इशारा आहे. ज्याच्या शरीरात आधीच उष्णता भडकली आहे आणि बळ ओसरले आहे, त्याला वरून आग देऊ नये, असा त्यामागचा विचार. आजचे चिनी डॉक्टरही मॉक्सा मुख्यतः थंडीच्या अंगाच्या दुखण्यांना देतात: गारठ्याने वाढणारी सांधेदुखी, जुनाट जुलाब, पाळीतले पोटदुखणे, अशक्तपणा. चेहरा, मोठ्या रक्तवाहिन्या, गर्भवतीचे पोट आणि कंबर या जागा ते टाळतात.

इथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो बिनतोड वाटतो. चिनी आगही क्रूर नव्हती का? होती. तैपेच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात एक चित्र आहे. ते सोंग काळातल्या ली तांग या चित्रकाराचे मानले जाते. झाडाखाली बसलेला गावठी वैद्य एका शेतकऱ्याच्या उघड्या पाठीवर मॉक्सा लावतो आहे. शेतकऱ्याचे तोंड वेदनेने उघडले आहे, घरच्यांनी त्याचे हातपाय धरून ठेवले आहेत, आणि मागे वैद्याचा पोरगा शिष्य जखमेवर लावायचा लेप तयार करतो आहे. या चित्रातली वेदना खरी आहे. त्या काळी फोड यावा, पू व्हावा, व्रण उठावा, तरच उपचार लागू पडला, अशी समजूतच होती. तेव्हा चीनमध्ये सुरुवातीपासून सौम्य शेक होता आणि आपल्याकडे राकट डाग, असे म्हणणे खोटे ठरेल. पण त्याच चित्रात दुसरेही एक दिसते. वैद्याबरोबर शिष्य आहे, म्हणजे शिकवणे चालू आहे. जखमेनंतरचा लेप आधीच हाताशी आहे. गावातला, कदाचित निरक्षरांच्या मध्ये वावरणारा हा वैद्य एका क्रमाने काम करतो आहे. वायव्य सीमेवरच्या दुनहुआंगच्या गुहांत तांग काळातल्या मॉक्साच्या आकृत्या सापडल्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत उघडी मानवी देहाकृती काढून तिच्यावर बिंदू दाखवले आहेत. राजधानीपासून इतक्या दूर, वाळवंटाच्या तोंडाशी, नियम चित्ररूपाने पोचला होता. व्रण उठवणारा मॉक्सा पुढे कमी होत गेला आणि आल्याची चकती किंवा दुरून धरलेली कांडी वाढली. नियम आगीच्या सोबत असल्यामुळेच त्याला आगीला मवाळ करता आले.

आता आपल्याकडे. सुश्रुताचा अग्निकर्माचा अध्याय वाचताना मला अभिमान वाटतो, आणि लगेच दुःखही होते. सुश्रुत एकाच लोखंडावर थांबत नाही. पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, शर, शलाका, जांभळाच्या आकाराचे दगडी किंवा धातूचे साधन, मध, गूळ, तेल-तूप अशी दाहाची निरनिराळी द्रव्ये तो सांगतो आणि कातडीचे दुखणे, मांसाचे दुखणे, शिरा-सांध्यांचे दुखणे यांना वेगवेगळी लावतो. म्हणजे कमी-जास्त आगीची पूर्ण उतरंड त्याच्यापाशी आहे. जळलेली पिंपळी आणि शेळीची लेंडी ही जातीने मॉक्साच्या जवळचीच साधने. डागाचे आकार तो देतो: कडे, ठिपका, रेघ आणि घासून दिलेला. नीट जळल्याची लक्षणे देतो, जास्त जळल्याची वेगळी देतो, आणि नंतर मध-तूप लावायला सांगतो. शरद आणि ग्रीष्म हे ऋतू वर्ज्य, निकड असेल तरच सूट. आणि कोणाला आग देऊ नये याची यादी: पित्तप्रकृतीचा, आत रक्तस्राव झालेला, कोठा फुटलेला, अंगात शल्य राहिलेला, दुर्बळ, भित्रा, अनेक जखमांनी गांजलेला, म्हातारा, आणि बाळ. झांग झोंगजिंगने उष्ण रोग्याला आग नाकारली आणि सुश्रुताने पित्तप्रकृतीला नाकारली. दोन दूरच्या देशांत दोन माणसे एकाच शहाणपणापाशी आली. साम्य इथेच संपत नाही. उलटी-जुलाबाच्या जीवघेण्या रोगात सुश्रुतपरंपरा टाचेला डाग सांगते, तर चौथ्या शतकातला चिनी वैद्य गे होंग तशाच रोगात बेंबीत मीठ भरून त्यावर मॉक्सा जाळायला सांगतो. जागा वेगळी, निकड तीच.

मग हेमाद्रीच्या देवगिरीपासून काही दिवसांच्या चालीवर असलेल्या गोदाकाठच्या गावांत यातले काय पोचले? लोखंड पोचले. विळ्याचे टोक, सळई, कधी तापवलेली सुई. बिब्बा पोचला, त्याच्या तेलाने कातडीला फोड येतो आणि कित्येकांना अंगभर खाज व सूज सुटते. ‘डाग दिला की रोग परत येत नाही’ ही खात्रीही पोचली, आणि ती थेट सुश्रुताची आहे, कारण आगीने घालवलेला रोग पुन्हा उद्भवत नाही, असे त्याने म्हटले होते. स्तुती गावापर्यंत आली आणि निषेधांची यादी वाटेत राहिली. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला गेले. हैदराबादच्या राज्यात वैद्यकाची विद्या संस्कृत, फारसी, अरबी आणि पुढे उर्दू अशा भाषांत फिरत राहिली. दहाव्या-अकराव्या शतकातल्या कोर्दोव्याच्या अल-झहरावीने आपल्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथाची सुरुवातच डागण्याच्या प्रकरणाने केली आणि लोखंडांच्या आकृत्या काढून दिल्या. ही परंपरा चारमिनारच्या आसपास नांदली. पण पूर्णेच्या शिवारातला डाग देणारा माणूस यातली कोणतीच भाषा वाचत नव्हता, आणि त्याच्या मराठीत कोणी त्याला यादी वाचून दाखवली नाही. पोथी एका घरात आणि सळई दुसऱ्या घरात, अशी ही शतकानुशतकांची फारकत आहे. जातीने आणि भाषेने ती पक्की केली.

डंब्याबद्दल बोलताना म्हणूनच मला मेळघाटातल्या कोरकू आदिवासी आईबापांवर राग काढणे जमत नाही. फुगलेल्या पोटाचे, रडून थकलेले बाळ मांडीवर, रात्र, पावसाने तुटलेली वाट, आणि हाक मारली तर येणारा एकच माणूस, भूमका. त्याला जे ठाऊक आहे ते तो करतो. पण बाळाच्या पोटावरचे ते व्रण, त्यातून होणारा जंतुसंसर्ग आणि मूळ न्यूमोनियाकडे झालेले दुर्लक्ष जीव घेते, आणि हे सहन करण्याजोगे नाही. ‘ही आमची प्राचीन चिकित्सा आहे’ असा बचाव कोणी करत असेल, तर त्याला सुश्रुताचीच यादी दाखवावी. ज्या ग्रंथाचा आधार सांगायचा, त्यानेच बाळाला वगळले आहे.

नियमावाचून आग परक्या मुलखात गेली की काय होते याचा एक धडा युरोपनेही गिरवला. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, राहणाऱ्या हेर्मान बुशॉफ या डच पाद्र्याचा संधिवात तिथल्या एका बाईने मॉक्साने उतरवला. त्याने १६७० च्या दशकात त्यावर पुस्तक लिहिले आणि मॉक्सा युरोपात गेला. पण बिंदू गेले नाहीत, वनस्पतीही मागे पडली. नेपोलियनच्या फौजेचा शल्यवैद्य लारे कापसाच्या गुंडाळ्या चिमट्यात धरून, फुंकणीने फुलवून रोग्याच्या कातडीवर जाळत असे. उपचार अधिकाधिक राकट झाला आणि एकोणिसाव्या शतकात विझत गेला.

चीनमध्येही सारे सरळ नव्हते. १८२२ मध्ये चिंग दरबाराने राजवैद्यशाळेतून सुई आणि मॉक्सा काढून टाकले. १९२९ मध्ये पारंपरिक वैद्यकच बंद करावे असा प्रस्ताव नानजिंग सरकारपुढे आला. ही विद्या त्यातून कशी वाचली, या कथेच्या कडेला मराठी माणसे उभी आहेत. जपानच्या आक्रमणानंतर चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. त्यानंतर काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस शल्यचिकित्सक म्हणून गेले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १९४५ मध्ये, येनानच्या शांतता रुग्णालयात सुई-मॉक्साचा विभाग सुरू झाला. औषधे मिळत नव्हती, नाकेबंदी होती, आणि रेन झुओतियान या जुन्या वैद्याने आपली विद्या पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना उघड करून दिली. त्यांतल्या झू लियान या स्त्री डॉक्टरने १९५१ मध्ये नव्या पद्धतीचे सुई-मॉक्साचे पाठ्यपुस्तक काढले, आणि त्यासाठी शब्द लिहून दिले ते त्याच झू दे यांनी. कोटणीस आणखी काही वर्षे जगते तर ही आग सोलापूरपर्यंत आली असती का, या कल्पनेत मी रमणार नाही. जे घडले ते पुरेसे बोलके आहे. त्याच पथकातले कलकत्त्याचे विजयकुमार बसू पुढे चीनला परत गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ मध्ये ती भारतात घेऊन आले. १९७५ मध्ये लुधियान्यात कोटणीसांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालय उभे राहिले. चीनमध्ये १९६८ नंतर ‘अनवाणी डॉक्टर’ गावोगाव पाठवले गेले, तेव्हा त्यांच्या पिशवीत आधुनिक औषधांबरोबर सुया होत्या, मॉक्सा होता, आणि १९७० मध्ये हूनानात छापलेली माहितीपुस्तिका होती. त्या कम्युनिस्ट राजवटीचे अत्याचार मला मान्य नाहीत, पण गावातल्या हाताला आग आणि यादी एकाच पिशवीत दिली गेली, ही गोष्ट नाकारता येत नाही.

उरतो सर्वांत जड आक्षेप. मॉक्साला तरी पुरावा कुठे आहे? नियम असला म्हणून अंधश्रद्धा औषध होत नाही. हे बरोबर आहे, आणि मॉक्साचे सगळे दावे सिद्ध झाले आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण एका दाव्याची कहाणी पाहण्यासारखी आहे. गर्भ पायाळू असेल तर आईच्या पायाच्या करंगळीच्या नखाजवळच्या बिंदूला मॉक्साच्या कांडीने शेक द्यायचा, हा जुना चिनी उपाय. १९९८ मध्ये कार्दिनी आणि हुआंग वेइशिन यांनी जियांगशी प्रांतातल्या पहिलटकरणींवरचा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला. तेहतिसाव्या आठवड्यातल्या २६० स्त्रिया, चिठ्ठ्या टाकून दोन गट, शेक सात दिवस, गर्भ वळला नाही तर आणखी सात. पस्तिसाव्या आठवड्यात मॉक्साच्या १३० पैकी ९८ जणींचा गर्भ डोके खाली करून होता, दुसऱ्या गटात १३० पैकी ६२ जणींचा. २००५ मध्ये कार्दिनी यांनीच इटलीत तोच प्रयोग केला. स्त्रियांनी शेक नीट पाळला नाही, तो मध्येच थांबवावा लागला, आणि फरक दिसला नाही. पुढच्या आढाव्यांचा कौल सावध राहिला: नेहमीच्या देखभालीला जोड म्हणून उपयोग होत असावा, पण धूर, खोकला, वास यांचा त्रासही आहे. मला हा कौल लहान वाटत नाही. एका देशात हो, दुसऱ्या देशात नाही, असे उत्तर मिळू शकले, कारण प्रश्न विचारता आला. बिंदू ठरलेला, वेळ ठरलेली, अंतर ठरलेले. विळ्याच्या डागावर असा प्रयोग करता येत नाही. तो किती तापवला, कुठे टेकवला, किती वेळ, याचा हिशेबच नाही.

महाराष्ट्रात आज ही आग तीन कायदेशीर खात्यांत विभागली आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली तापल्या वस्तूचे चटके देणे गुन्हा ठरवले. २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चरला राज्यात स्वतंत्र मान्यता दिली. नावात सुई आहे, मॉक्सा तिच्या सावलीत आला. आणि अग्निकर्म आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमात शल्यतंत्र विषयात शिकवले जाते. टाचदुखी, गुडघा, कोपर, कुरूप यांसाठी पंचधातूची शलाका वापरतात. पूर्णेहून आगगाडीने तासाभराच्या आत नांदेडला पोचता येते, आणि तिथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. एका गटाच्या गुडघ्याला शलाकेचा ठिपका, दुसऱ्या गटाला मॉक्साची कांडी, तिसऱ्याला साधा शेक, तापमान आणि वेळ लिहून, व्रण आणि आराम दोन्ही मोजून असा अभ्यास गोदाकाठच्या रुग्णांवर करायला फार पैसा लागत नाही. आणि त्याच्या आधी, पैशाशिवाय होण्याजोगे एक काम आहे. सुश्रुताची निषेधांची यादी सोप्या मराठीत आणि कोरकूत, आकृत्यांसह, एका पानावर छापून भूमक्याला, दाईला आणि आशाताईंना वाचून दाखवायची, आणि सुरुवात बाळापासून करायची.